रिव्हर्स स्प्लिट आणि पेनी स्टॉक: शेअर कमी होतात, मग पैसा कुठे जातो?

खाडीपट्टा (चिपळूण)

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एकच निरोप फिरतोय: अमुक कंपनी दहाला एक करणार, ८० पैशांचा शेअर आठ रुपयांवर जाणार, आत्ताच भरून ठेवा. खेड-चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर तो येऊन गेलाय. भाव आठ रुपये दिसेल हे खरंच आहे. त्यात कमाई आहे हे मात्र धादांत खोटं आहे.

आकडे मांडतो. तुमच्याकडे २,७३७ शेअर आहेत, सरासरी खरेदी १ रुपया ३५ पैसे, आजचा भाव ८० पैसे. आजची किंमत २,१८९ रुपये ६० पैसे. १०:१ कन्सॉलिडेशन (दहा शेअरांचा एक, लोक ज्याला रिव्हर्स स्प्लिट म्हणतात ते) झालं की हातात २७३ शेअर आणि ०.७ चा अपूर्णांक. हिशेबाने भाव ८ रुपये, तुमची खरेदी किंमत १३ रुपये ५० पैसे. २७३ गुणिले ८ म्हणजे २,१८४, आणि उरलेल्या ०.७ चे ५ रुपये ६० पैसे. बेरीज तीच. तोट्याची टक्केवारीही तीच, सुमारे ४१ टक्के.

तरीही अशा पेनी (अगदी कमी भावाच्या) कंपन्यांत भागधारकांचे पैसे जातात, हे सगळ्यांनी पाहिलंय. ते स्प्लिटमुळे जातात की स्प्लिटच्या आधी-नंतर जे केलं जातं त्यामुळे, हे जाणकारांनी इथे नीट लिहावं. ज्यांच्याकडे अमेरिकी शेअर आहेत (बोटीवर नोकरी करणाऱ्या घरांत हे प्रमाण बरंच आहे) त्यांच्यासाठीही लिहा. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत आणि लोक सर्रास एकाचे नियम दुसऱ्याला लावतात.

कलमी (देवगड)

अपूर्णांकाचं मी सांगतो. डझनी बॉक्स उघडून तोच माल पाच डझनी पेट्यांत भरला तर पेट्या कमी होतात, आंबा तेवढाच राहतो. पण साठाच्या हिशेबात न बसणारी पाच-सात फळं प्रत्येकाकडे सुटी उरतात. त्या सुट्या मालाचं काय करायचं, एवढाच खरा प्रश्न.

आपल्याकडे ठरलेली पद्धत अशी: सगळ्या भागधारकांचे अपूर्णांक एकत्र करतात, त्यांचे पूर्ण शेअर होतात, ते संचालक मंडळाने नेमलेल्या विश्वस्ताच्या नावे जातात. विश्वस्त ते बाजारात विकतो आणि खर्च वजा जाता आलेली रक्कम ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे बँक खात्यात पाठवतो. म्हणून वरच्या उदाहरणातले ५ रुपये ६० पैसे त्याच दिवशी मिळत नाहीत, आणि नेमके तेवढेच मिळतील असंही नाही. विश्वस्त विकेल त्या दिवशी जो भाव, तो तुमचा.

डिमॅटला जोडलेलं बँक खातं बंद असेल तर ही रक्कम परत जाते. शाखा विलीन झाल्यावर आयएफएससी बदललेल्या खात्यांत तर हे हमखास घडतं. आधी तपासून ठेवा.

ज्याच्याकडे गुणोत्तरापेक्षा कमी शेअर आहेत तो मात्र पुरताच बाहेर पडतो. १००:१ असेल आणि तुमच्याकडे ६० शेअर असतील तर एकही शेअर उरत नाही, फक्त पैसे येतात. राहायचंच असेल तर रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशीच्या यादीत नाव असेल तोच भागधारक धरतात) आधी खरेदी करून आकडा पुरा करावा लागतो, आणि टी+१ मुळे (घेतलेला शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतो) निदान एक कामकाजाचा दिवस आधी. रेकॉर्ड डेटच्या दिवशी घेतलेला शेअर त्या यादीत धरला जात नाही.

कातळसडा (रत्नागिरी)

खाडीपट्टा यांच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. भारतात 'रिव्हर्स स्प्लिट' हे नाव कायद्यात नाही. लोक त्या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतात आणि तिथेच फसतात.

पहिली गोष्ट म्हणजे कन्सॉलिडेशन, शेअरांचं एकत्रीकरण. कंपनी कायदा २०१३, कलम ६१. एक रुपया दर्शनी मूल्याचे (फेस व्हॅल्यू, शेअरवर छापलेली किंमत) दहा शेअर जाऊन दहा रुपयांचा एक येतो. भरणा भांडवल जसंच्या तसं राहतं. आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) तरतूद असावी लागते आणि सर्वसाधारण सभेत ठराव लागतो. मतदानाच्या टक्केवारीत बदल होणार असेल तर एनसीएलटीची (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) मंजुरी मिळेपर्यंत ते अमलात येत नाही. त्यानंतर ३० दिवसांत कंपनीने निबंधकाकडे एसएच-७ फॉर्म भरायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅपिटल रिडक्शन, भांडवल कपात. कलम ६६, आणि इथे एनसीएलटी अटळ. यात भांडवलाचा काही भाग चक्क पुसून टाकतात, बहुधा साचलेल्या तोट्यासमोर. दिवाळखोरी संहितेखालच्या रिझोल्यूशन प्लॅनमध्ये (बुडीत कंपनी नव्या मालकाकडे देण्याच्या योजनेत) हेच त्या योजनेचा भाग म्हणून येतं.

दोन्हींत तुमच्या डिमॅटमधला आकडा घटू शकतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक ओळखायचा तो फेस व्हॅल्यूवरून. शेअर दहापट कमी झाले आणि फेस व्हॅल्यू दहापट वाढली, तर ते निव्वळ एकत्रीकरण. शेअर कमी झाले आणि फेस व्हॅल्यू जागच्या जागी राहिली, तर भांडवल कापलं गेलंय. नोटीस हातात आली की पहिल्यांदा हे बघा, बाकी मजकूर नंतर.

हे एवढं महत्त्वाचं का, ते कलम ५३ मध्ये आहे. आपल्याकडे काही मोजके अपवाद सोडले तर दर्शनी मूल्याच्या खाली नवे शेअर देताच येत नाहीत. एक रुपया फेस व्हॅल्यूचा शेअर ४० पैशांवर असेल तर कंपनीला त्या भावात नवं भांडवल उभारता येत नाही. एकत्रीकरण केलं तर फेस व्हॅल्यू दहा आणि भाव चार. अडचण तशीच. म्हणजे निव्वळ एकत्रीकरणाने प्रवर्तकाला किंवा नव्या गुंतवणूकदाराला स्वस्तात शेअर घेण्याचं दार उघडत नाही. भांडवल कपातीने ते उघडतं, कारण शेअर कमी होतात, फेस व्हॅल्यू तीच राहते आणि हिशेबाने भाव तिच्या वर जातो. आधी कपात, मग नव्या मालकाला ढीगभर नवे शेअर, असा क्रम लागला की जुन्या माणसाचा कंपनीतला हिस्सा वितळतो. पैसा जातो तो या दुसऱ्या पायरीवर.

रुची सोया घ्या. रिझोल्यूशन प्लॅनमध्ये १०० शेअरांचा १ झाला, फेस व्हॅल्यू मात्र २ रुपयेच राहिली. नवे शेअर पतंजलीच्या गटाला गेले आणि लोकांकडचा एकूण हिस्सा जेमतेम एक टक्क्याच्या घरात आला. जानेवारी २०२० मध्ये शेअर पुन्हा सूचिबद्ध झाला तो १७ रुपयांच्या आसपास. तीन रुपयांच्या आगेमागे चालणारे १०० शेअर ज्याच्याकडे होते, त्याच्या तीनशे रुपयांचे एका फटक्यात सतरा झाले. तोच शेअर जून २०२० मध्ये १,५०० रुपयांच्या वर गेला, कारण बाजारात फिरायला शेअरच नव्हते. ती तेजी दाखवून आज इतर बुडीत कंपन्या विकल्या जातात, ते फार वाईट आहे. डीएचएफएल या बुडालेल्या गृहकर्ज कंपनीत जुन्या भागधारकांना शून्य मिळालं, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

सुरूबन (अलिबाग)

कातळसडा, फेस व्हॅल्यूची खूण एकदम पटली. पण मग निव्वळ एकत्रीकरणाचा छोट्या माणसाला काही फायदा आहे की नाही? आणि त्यानंतर भाव पडतो असं सगळे का म्हणतात?

कातळसडा (रत्नागिरी)

फायदा आहे, लहान पण खरा. ४५ पैशांच्या शेअरमध्ये खरेदी-विक्रीतलं किमान अंतर एक पैसा. ४४ ला विका, ४५ ला घ्या. तो एक पैसा म्हणजेच सव्वादोन टक्के. साडेचार रुपयांच्या शेअरमध्ये ४.४९ आणि ४.५० शक्य आहे. सर्किटचंही (दिवसात भाव किती हलू शकतो त्या मर्यादेचं) तसंच. ४५ पैशांवर ५ टक्के म्हणजे सव्वादोन पैसे, पण चालतात दोनच. दिवसभरात ४३, ४४, ४५, ४६, ४७ एवढेच पाच भाव. अशा शेअरमध्ये ऑर्डरींची रांग लागते आणि तुमचा नंबर येतच नाही.

भाव पडण्याबद्दल: आठ रुपयांवर आल्यावर 'स्वस्त' म्हणून लाखाने शेअर घेणारी मंडळी निघून जातात, म्हणजे सट्ट्याची मागणी आटते. उलाढाल घटते. धंदा तोट्यातच असेल तर भाव पूर्वीच्याच वाटेने खाली जातो, फक्त आता घसरायला जागा जास्त मिळालेली असते. ८० पैशांवरून ५० पैसे आणि आठवरून पाच, दोन्ही सारखंच. पण दुसरं जास्त झोंबतं, म्हणून दोष स्प्लिटला लागतो.

दर्यावर्दी (गुहागर)

अमेरिकेचं चित्र वेगळं आहे, कारण वर सांगितलेली कलम ५३ ची भिंत तिथे व्यवहारात नाही. तिथे शेअरची पार व्हॅल्यू ०.००१ डॉलर वगैरे असते. त्याखाली भाव सहसा जात नाही, त्यामुळे कितीही पडलेल्या भावात नवे शेअर काढता येतात.

तिथे रिव्हर्स स्प्लिट मुख्यतः एका नियमासाठी होतो. नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात सलग ३० कामकाजाचे दिवस बोलीचा (खरेदीदार देऊ करतो तो) भाव एक डॉलरच्या खाली राहिला की कंपनीला नोटीस येते. १८० दिवसांची मुदत मिळते, काही अटी पाळल्या तर आणखी १८०. त्या काळात सलग किमान १० दिवस एक डॉलर किंवा त्यावर बंद व्हावं लागतं. धंदा सुधारून भाव वर येईल अशी आशा नसली की उरतो तो स्प्लिट. भाव सलग १० दिवस १० सेंट किंवा त्याखाली राहिला तर मुदत न देताच डीलिस्टिंगचा (शेअर बाजारातून काढण्याचा) निर्णय येतो.

जानेवारी २०२५ पासून नियम कडक झालेत. एका वर्षात रिव्हर्स स्प्लिट करूनही शेअर पुन्हा डॉलरखाली आला तर मुदत मिळत नाही. दोन वर्षांत मिळून गुणोत्तर २५०:१ किंवा जास्त झालं तरी मिळत नाही, हा नियम मात्र त्याआधीपासूनचा. वारंवार स्प्लिट करणाऱ्यांना हा चाप आहे. तो का लागला हे समजायला म्युलन ऑटोमोटिव्ह ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी पुरे. २०२३ या एकाच वर्षात मे महिन्यात २५:१, ऑगस्टमध्ये ९:१, डिसेंबरमध्ये १००:१. गुणाकार करा: २२,५००. एप्रिलमध्ये २२,५०० शेअर असलेल्याच्या हाती वर्षअखेर एक शेअर. आणि मधल्या काळात कंपनी नवे शेअर काढतच होती.

नुकसानाचं मूळ असं चालतं. १०:१ स्प्लिटमध्ये बाजारातले शेअर दहावा हिस्सा होतात, पण अधिकृत भांडवलाची (कंपनी जास्तीत जास्त किती शेअर काढू शकते त्याची) मर्यादा बहुतेक वेळा तशीच ठेवतात. समजा मर्यादा ५० कोटी शेअरांची आणि ४८ कोटी वाटून झालेत. २०:१ नंतर वाटलेले उरतात २ कोटी ४० लाख, मर्यादा तीच ५० कोटी. म्हणजे नवे ४७ कोटी ६० लाख शेअर काढायची मोकळीक. हे आकडे कंपनीच्या प्रॉक्सी स्टेटमेंटमध्ये (मतदानाआधी भागधारकांना येणाऱ्या निवेदनात) लिहिलेले असतात, 'ऑथराइज्ड शेअर्स' शोधा. जोडीला बदलत्या भावाचे कन्व्हर्टिबल (शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे असतील तर भाव जितका पडेल तितके जास्त शेअर सावकाराला मिळतात, तो ते विकतो, भाव आणखी पडतो. अशा कंपनीत स्प्लिटची घोषणा म्हणजे पुढच्या विक्रीची तयारी असते, असंच मी वाचतो.

अपवाद आहेत. सिटीग्रुपने मे २०११ मध्ये १०:१ केलं, जनरल इलेक्ट्रिकने २०२१ मध्ये ८:१, प्राइसलाइनने २००३ मध्ये ६:१. तीच पुढे बुकिंग होल्डिंग्ज झाली आणि शेअर हजारो डॉलरांवर गेला. या कंपन्यांकडे चालणारा धंदा होता. वीवर्कने सप्टेंबर २०२३ मध्ये ४०:१ केलं आणि नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. स्प्लिट सारखाच वाटेल, ताळेबंद वेगळा.

आणखी दोन खुणा. ओटीसी (मुख्य एक्स्चेंजच्या बाहेरच्या) बाजारातल्या शेअरच्या चिन्हाला स्प्लिटनंतर २० कामकाजाचे दिवस शेवटी 'डी' अक्षर जोडलेलं दिसतं. खात्यातून शेअर गायब झाला म्हणून घाबरू नका. आणि चार्ट बघताना: जुने भाव गुणोत्तराने गुणून दाखवलेले असतात. म्युलनचा जुना चार्ट अचाट आकडे दाखवतो. त्या भावात कुणीही कधी व्यवहार केलेला नाही. 'इथून इथपर्यंत पडलाय, आता उसळणार' असं म्हणणाऱ्याचं काही ऐकू नका.

गजालीकार (मालवण)

एक बारकी गजाल सांगतंय, पण पैशे जातत ते हयच. जीटीटी (ठरलेलो भाव इलो की आपोआप जाणारी ऑर्डर) नि स्टॉपलॉस (तोटो थांबवूक लावलेली विक्री) लावलेले असतीत तर रेकॉर्ड डेटच्या आदी स्वतः काढून टाका. बरेचसे ब्रोकर कॉर्पोरेट अ‍ॅक्शनच्या येळेक ते रद्द करतत, पण सगळेच करतत असा गृहीत धरू नका. ७० पैशांचो स्टॉपलॉस आठ रुपयांच्या शेअराक काय्येक उपयोगाचो नाय. तुमका वाटता राखण आसा, आणि राखण नसता.

आणि आयएसआयएन (शेअराचो ओळख क्रमांक) बदलता. जुनो बंद झालो की नवे शेअर डिमॅटात येयपर्यंत आणि एक्स्चेंजची परवानगी मिळापर्यंत विकूक गावणत नाय. ज्याका पैशांची नड आसा त्येना आदीच ठरवूचा. ब्रोकराच्या अ‍ॅपात मधल्या दिवसांत जुनी संख्या नि नवो भाव, नायतर उलटा दिसता. ता बघून कायव करू नका. डिमॅट सांभाळणाऱ्या सीडीएसएल नायतर एनएसडीएलचा स्टेटमेंट बघा, खरा ताच.

खाडीपट्टा (चिपळूण)

गजालीकार, हे मुद्दाम वर उचलून धरतो. आता मतदानाबद्दल कुणी लिहाल का? ठराव येतो आणि आपल्याकडचं कुणी मतच देत नाही.

कातळसडा (रत्नागिरी)

सभेसाठी मुंबई गाठायची गरज नाही. दूरस्थ ई-व्होटिंग किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं. कट-ऑफ तारखेला शेअर तुमच्या नावावर असले की पुरे. ही तारीख सभेआधी सात दिवसांच्या आतलीच असते. सीडीएसएलच्या ईझी किंवा एनएसडीएलच्या आयडियाज खात्यातून पाच मिनिटांचं काम. कलम ६१ चा ठराव सहसा साध्या बहुमताचा, आणि मोजली जातात ती पडलेली मतं. प्रवर्तकांचा हिस्सा १५-२० टक्क्यांवर आलेल्या पेनी कंपनीत लोकांनी मत दिलं तर ठराव पडू शकतो.

नोटिशीबरोबर स्पष्टीकरणात्मक निवेदन असतं. त्यात तीन गोष्टी शोधा: फेस व्हॅल्यू जुनी आणि नवी, अधिकृत भांडवल वाढवायचा ठराव सोबत आहे का, आणि प्रेफरन्शियल अलॉटमेंट (ठरावीक लोकांनाच नवे शेअर) कुणाला. तिसरी गोष्ट त्याच सभेत नसेल तर गेल्या वर्षभरातल्या एक्स्चेंजवरच्या घोषणा चाळा.

माजघर (राजापूर)

कागदी शेअरांचं राहिलं. गिरणीत किंवा गोदीत नोकरी केलेल्या पिढीच्या पेट्यांत जुनी प्रमाणपत्रं अजून आहेत आणि कंपनीकडे पत्ता आहे मुंबईतल्या खोलीचा, जी कधीच सोडलेली आहे. त्यामुळे एकत्रीकरणाची नोटीस गावी पोहोचतच नाही.

प्रमाणपत्रावर '१०० शेअर, दर्शनी मूल्य १ रुपया' असेल आणि मधे १०:१ झालं असेल, तर तो कागद आता दहा शेअरांचा हक्क दाखवतो. फाडू नका, लॅमिनेटही करू नका. मूळ कागद आरटीएकडे (कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था) द्यावा लागतो. क्रम असा: फोलिओ क्रमांक घेऊन आरटीएला लिहायचं, आयएसआर-१ ने केवायसी, सही जुळत नसेल तर आयएसआर-२ वर बँकेकडून सहीची पडताळणी, नामनिर्देशनासाठी एसएच-१३. नवं कागदी प्रमाणपत्र आता मिळत नाही, डिमॅट खातं लागतंच. धारक हयात नसेल तर आधी ट्रान्समिशन (वारसाच्या नावे करणं), मग बाकी सगळं.

इथे शब्दाचा एक घोळ होतो. आयएसआर-४ फॉर्ममध्येही 'कन्सॉलिडेशन' असतं, पण ते तुमची चार प्रमाणपत्रं एकत्र करण्याबद्दल. त्यात शेअरांची संख्या बदलत नाही. कंपनीने केलेल्या एकत्रीकरणाशी त्याचा संबंध नाही. चुकीचा फॉर्म गेला की पत्र परत येतं आणि दोन महिने जातात.

सलग सात वर्षं लाभांश न उचलल्यामुळे शेअर आयईपीएफकडे (न उचललेले लाभांश आणि शेअर जमा होणारा सरकारी निधी) गेले असतील तर तिथल्या खात्यातही एकत्रीकरण लागू झालेलं असतं. ते परत मागायचा आयईपीएफ-५ फॉर्म भरताना जुनी संख्या लिहिली तर कंपनीच्या पडताळणी अहवालाशी ती जुळत नाही आणि दावा अडकतो.

सुरूबन (अलिबाग)

आणि कर? एकत्रीकरणात तोटा दाखवता येतो का?

कलमी (देवगड)

निव्वळ एकत्रीकरणात नाही. ते हस्तांतर नव्हे. जुन्या शेअरांची खरेदी किंमत नव्यांवर येते: दहा शेअर १ रुपया ३५ पैशांनी घेतले असतील तर एकाची किंमत १३ रुपये ५० पैसे. अपूर्णांकाचे पैसे आले की तेवढ्या भागाची विक्री धरायची, रक्कम पाच रुपये का असेना. ब्रोकरचं कर विवरण अनेकदा नव्या आयएसआयएनसमोर खरेदी किंमत शून्य किंवा खरेदीची तारीख डिमॅटमध्ये जमा झाल्याची दाखवतं. तसंच रिटर्नमध्ये भरलं तर तोट्याच्या शेअरवर नफ्याचा कर बसतो, तोही २० टक्के अल्पकालीन दराने. जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट जपा.

भांडवल कपातीचं वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्युपिटर कॅपिटल प्रकरणात शेअरांची संख्या कापली जाणं हे हस्तांतर मानलं आणि भांडवली तोटा मान्य केला. त्यातही फेस व्हॅल्यू तीच राहिली होती, संख्या घटली होती. तोटा पुढे आठ वर्षं ओढायचा असेल तर रिटर्न मुदतीत हवं.

दर्यावर्दी (गुहागर)

अमेरिकी शेअरसाठी पुरवणी: दीर्घकालीन होण्यासाठी २४ महिने लागतात, १२ नव्हे. भारतात निवासी आणि सामान्य निवासी असाल तर रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) नोंद लागते, ती कॅलेंडर वर्षाप्रमाणे, शेअरची किंमत दहा डॉलर असली तरी. बोटीवरच्यांनी त्या वर्षी आपण एनआरआय ठरतो की नाही हे सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकावरच्या) तारखा मोजून आधी ठरवावं.

खाडीपट्टा (चिपळूण)

अपूर्णांकाची रक्कम आलीच नाही तर कुठे जायचं, हेही कुणी लिहा.

माजघर (राजापूर)

आधी आरटीएला ईमेल, फोलिओ किंवा डीपी आयडी आणि क्लायंट आयडीसकट. ईमेलच, फोन नको. उत्तर नाही आलं तर सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरी सुटलं नाही तर स्मार्ट ओडीआर (ऑनलाइन तंटा सोडवण्याची सोय). तक्रारीला कॅन्सल्ड चेक आणि रेकॉर्ड डेटच्या महिन्याचं कन्सॉलिडेटेड अकाउंट स्टेटमेंट जोडा. जुनी आणि नवी संख्या त्या एकाच कागदावर दिसते, वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही.